रकाने आखण्याआधी

बैहर, जि. बालाघाट

चि. भाचीबाईस,


तुझा स्पर्धेचा निबंध मिळाला. मोबाइलवर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून बाजारातून प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. ख्रिस्ती आणि मुस्लिम मूलतत्त्ववाद्यांच्या सामाजिक मूल्यांची तुलना हा विषय वकिलीच्या विद्यार्थिनीला शोभणारा आहे. भाषाही चांगली आहे. माझं भांडण तिसऱ्या पानावरच्या तक्त्याशी आहे. डावीकडे ख्रिस्ती, उजवीकडे मुसलमान, मधे 'स्त्रीचे स्थान', 'विवाह', 'शिक्षण', 'लोकशाही' अशा ओळी, प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण आणि तळाशी बेरीज. पोरी, ही दहावीची गुणपत्रिका आहे का? एकाला नापास करायचं आणि दुसऱ्याला काठावर ढकलायचं, हे आधी ठरवून मगच गुण दिलेत असं वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. तो तक्ता काढून टाक.

आधी आपण कोणाबद्दल बोलतोय ते पक्कं कर. पाच वेळा नमाज पढणारा किंवा दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस मूलतत्त्ववादी नव्हे. आपल्या बैहरात दोन्ही धर्मांची घरं मूठभर, आणि त्यातली बहुतेक माणसं पोटापाण्याच्या व्यापात तुझ्या-माझ्याइतकीच बुडालेली. मूलतत्त्ववादी तो, ज्याला ग्रंथातला शब्द आपण लावलेल्या अर्थासकट अंतिम वाटतो, आणि तो अर्थ शेजारच्या घरातही लागू व्हायला हवा असतो. या दुसऱ्या अर्ध्या भागाशीच आपलं देणंघेणं. एखादा पहिल्यापाशी थांबला तर खुशाल थांबू दे.

शिवाय दोघेही दिसतात तितके जुने नाहीत. अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या पुस्तिका निघाल्या त्या १९१० ते १९१५ या काळात, डार्विन आणि बायबलची चिकित्सा करणारे पंडित यांच्याविरुद्ध. इकडे जमाते इस्लामी स्थापन झाली १९४१ साली. तिचे संस्थापक मौलाना मौदूदी १९०३ साली आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत जन्मले, हे तुझ्या निबंधात यायला हरकत नाही. बायकांच्या पडद्याबद्दलचं त्यांचं पुस्तक मिळालं तर चाळ. युरोपातली कुटुंबं कशी मोडली याचे पुरावे त्यांनी पानोपानी पाश्चात्त्य लेखकांकडूनच उचललेत. आधुनिक बाईची दोघांनाही धास्ती, आणि ही धास्ती आधुनिक काळानेच त्यांना दिलेली.

आता तुझ्या तक्त्यात जी ओळच नाही तिथून सुरुवात कर. हे लोक एका बाकावर कधी बसले?

कलम ३७७ तुम्हाला शिकवलं असेलच. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेलं त्याची यादी काढ. पहिलं नाव एका ज्योतिष्याचं. मग ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, आणि शेजारी क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. एरवी एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे हे लोक ११ डिसेंबर २०१३ ला जिंकले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला हरले. त्यांच्या युक्तिवादांतून धर्मग्रंथांची नावं पुसली तर कोणता कोणाचा ते ओळखायला तुला त्रास पडेल.

जगाच्या पातळीवर हेच १९९४ च्या सप्टेंबरात कैरोला झालं. लोकसंख्येवरची संयुक्त राष्ट्रांची परिषद होती. गर्भपात आणि स्त्रियांचे प्रजननविषयक हक्क यांबद्दलचा मसुदा मवाळ व्हावा म्हणून व्हॅटिकनने परिषदेआधी इराण आणि लिबियासारख्या देशांशी संधान बांधलं. धर्मयुद्धांचा सारा इतिहास बाजूला राहिला. उत्क्रांतिवादाचंही तसंच. तुर्कस्तानात हारून याह्या या नावाने डार्विनविरोधी चकचकीत ग्रंथ छापणाऱ्या अदनान ओक्तारने आपला बराचसा दारूगोळा अमेरिकेतल्या बायबलवाद्यांकडून आणला होता. फरक एवढाच की पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं हा त्यांचा हट्ट त्याने सोडून दिला, कारण कुराणवाल्यांना त्या आकड्याची गरज नव्हती.

पण एवढं वाचून 'सगळे सारखेच' असं मात्र लिहू नकोस. ते आळशी वाक्य आहे. फरक आहेत, आणि बहुधा तुला अपेक्षा नव्हती तिथे आहेत.

लग्नच घे. निकाह हा करार. मेहर ठरतं, साक्षीदार असतात, आणि करार मोडता येतो. कॅथलिक चर्चच्या लेखी लग्न हा संस्कार, तो माणसाने मोडायचाच नाही. म्हणजे एकीकडे, आपल्या देशात २०१७ पर्यंत, नवऱ्याने तोंडाने तीन शब्द उच्चारून बायको रस्त्यावर काढायची आणि दुसरीकडे मारकुट्या नवऱ्यापासूनही बाईला घटस्फोट नाही. यातलं वाईट कोणतं हे मला विचारू नकोस, त्या बाईला विचार. आपल्या देशात ख्रिस्ती स्त्रीला १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली नवऱ्याचा केवळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार एकटा पुरत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात हा भेद मोडला आणि संसदेला जाग आली २००१ मध्ये. तुझा तक्ता विवाहाच्या ओळीत ख्रिस्त्यांना चार गुण देतो. कशाबद्दल?

संततिनियमनातही असंच. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली कृत्रिम साधनांना सरसकट मनाई केली. मुस्लिम फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, मात्र गर्भ राहू नये म्हणून केलेल्या उपायांना पुष्कळ शास्त्र्यांनी जुन्या काळापासून मुभा दिलेली आहे. आयातुल्लांच्या इराणने १९८९ पासून कुटुंबनियोजनाची मोहीम राबवली आणि जन्मदर झपाट्याने खाली आणला. पुढे त्यांनीच ती गुंडाळली, तो भाग वेगळा. मौदूदींचा संततिनियमनाला कडवा विरोध होता. म्हणजे ते इथे आपल्याच परंपरेतल्या शास्त्र्यांपेक्षा पोपच्या जवळ जाऊन बसतात. परंपरा आणि मूलतत्त्ववाद यांना एकाच पिशवीत घालू नकोस, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या निबंधाचा कणा मला विचारशील तर एकच वर्ष घे, १९८६, आणि दोन बाया.

पहिली आपल्याच राज्यातली, इंदूरची शाहबानो. त्रेचाळीस वर्षं संसार केल्यावर वकील नवऱ्याने घराबाहेर काढलं, मग १९७८ साली तलाक दिला. वय बासष्ट, मुलं पाच. इंदूरच्या मॅजिस्ट्रेटने पोटगी ठरवली महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. हा आकडा मी मुद्दाम पैशांसकट लिहितोय. या एकशे एकोणऐंशी रुपयांवरून इस्लाम खतऱ्यात आला. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, देशभर मोर्चे निघाले, आणि त्या म्हातारीवर एवढा दबाव आला की तिने त्याच वर्षी जाहीर पत्रक काढून स्वतः जिंकलेला निकाल नाकारला. १९८६ च्या मे महिन्यात राजीव गांधींच्या सरकारने कायदा करून मौलवींचं समाधान केलं.

दुसरी केरळची मेरी रॉय. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. जे कमी असेल ते! शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो आणि आपण त्यावरून नाकं मुरडतो. त्रावणकोरच्या सुशिक्षित, इंग्रजी शाळा काढणाऱ्या ख्रिस्ती समाजात तेवढाही नव्हता. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ फेब्रुवारी १९८६ ला जिंकली. तिकडेही पाद्री आणि पुढारी खवळले, कुटुंबं मोडतील अशी ओरड झाली, निकालाचा जुन्या वाटण्यांवर परिणाम होऊ नये म्हणून खासगी विधेयकाची खटपट झाली. पण ती खटपट फसली.

इथे थांबून विचार कर. ओरड तीच, शब्दही जवळजवळ तेच. एकाला संसद वाकवता आली, दुसऱ्याला आली नाही. हा फरक कुराण आणि बायबल यांतला, की मतांच्या गठ्ठ्यातला आणि सरकारच्या भित्रेपणातला? माझ्या मते दुसरं. तुला पटलं नाही तर खोडून काढ, पण तिथे वाद घाल, तक्त्यात नको.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती निबंधांत सहसा येत नाही. इंग्रजी अमदानीत हनफी पंथाच्या कायद्याप्रमाणे मुसलमान बाईला नवऱ्यापासून सुटका जवळजवळ अशक्य होती. मग पंजाबात काही बायांनी एक वाट शोधली: धर्म सोडल्याचं जाहीर करायचं, बऱ्याचदा ख्रिस्ती व्हायचं. धर्म सुटला की लग्न आपोआप तुटे. हे पाहून देवबंदी परंपरेतले कडवे शास्त्री मौलाना अशरफ अली थानवी यांनी मदिनेच्या मालिकी पंथाच्या मुफ्तींकडून फतवे मागवले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तक लिहून बाईला घटस्फोटाची दारं उघडून दिली. त्यातूनच पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्या कायद्यात बाईला घटस्फोटाची कारणं मिळाली, आणि त्याच कायद्याने ठरवलं की केवळ धर्म सोडल्याने बाईचं लग्न तुटणार नाही. दिलं तेही घरातली माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून. कर्मठ माणूस हलतच नाही असं समजू नकोस. पायाखालची वाळू सरकली की तो हलतो, आणि बाया उठून चालू लागल्या की वाळू सरकते.

म्हणून तुलना करायचीच तर एका प्रश्नावर कर: जो बाहेर जाऊ पाहतो त्याचं हे लोक काय करतात? इथे मात्र आजच्या घडीला फरक ठळक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. धर्म सोडणाऱ्याला देहान्त शासनापर्यंत नेणारी राज्यं आज जगात आहेत आणि ती मुस्लिम राज्यं आहेत. ख्रिस्ती कट्टरपंथी आज मताच्या पेटीतून आणि कोर्टातून काम करतात. अमेरिकेत त्यांनी गर्भपाताच्या हक्काविरुद्ध जवळजवळ पन्नास वर्षं चिकाटीने न्यायाधीश नेमवून घेतले आणि २४ जून २०२२ ला तो हक्क देणारा १९७३ चा निकाल फिरवून घेतला. पण हा फरक बायबलच्या सौम्यपणाचा समजू नकोस. गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० पासून १८१२ पर्यंत होती, आणि २०२३ साली ख्रिस्तीबहुल युगांडाने समलिंगी संबंधांच्या काही प्रकारांना फाशीची शिक्षा ठेवली. जिथे राज्य हाती आलं तिथे काय केलं, ते पाहायचं. राज्य हाती नसताना सगळेच शहाणे असतात.

मराठीतली माणसं तर निबंधात औषधालाही नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी तलाकविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला तेव्हा सोबत किती बायका होत्या? सात. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. सय्यदभाई त्यात आले ते बहिणीला तोंडी तलाक मिळाला म्हणून. आणि पंडिता रमाबाई बघ. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी वाद सुरू: ब्राह्मण पुरोहितांचं जू मानेवरून काढलं ते पाद्र्यांचं घालायला नव्हे. पुढे तिची श्रद्धा उत्तरोत्तर कर्मठ होत गेली, केडगावच्या तिच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ चं पुनरुज्जीवन झालं, प्रार्थना, रडणं, सगळं. पण त्याच मुक्तीत टाकलेल्या बाया छापखाना चालवत होत्या आणि रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणत होती. तिला तुझ्या तक्त्यात कुठे बसवशील? मला तर जागा सापडत नाही.

शेवटी आपल्या गावाकडे ये. बैहरच्या बाजारात तू लहानपणी माझ्या बोटाला धरून बैगा आदिवासी म्हाताऱ्यांकडे टक लावून पाहायचीस. कपाळावर गोदना, दंडावर, पाठीवर, पिंढऱ्यांवर गोदना, गळ्यात मण्यांच्या माळा, पुढ्यात चारोळीची फळं किंवा महुआ मांडलेला. एखादीने पहिला नवरा सोडून दुसरा केलेला असायचा आणि तिच्या समाजात त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. पंचायत बसायची, देणंघेणं फिटायचं, संपलं. आता या बाईला दोन्ही मूलतत्त्ववाद्यांच्या यादीसमोर उभी कर. गोदना निषिद्ध, महुआची दारू निषिद्ध, नाच निषिद्ध, नवरा सोडणं एकाच्या लेखी पाप आणि दुसऱ्याच्या लेखी काझीच्या परवानगीचा मामला. दोघांची यादी तिच्यापाशी येऊन जुळते.

बैहरच्या पठारावर मिशनरी आले ते याच बाईचा उद्धार करायला. त्यांनी शाळा काढल्या, दवापाणी केलं, ते खोटं नाही. या भागात मुलींना अक्षरओळख करून देणाऱ्यांत ते पुढे होते. आणि महुआ, नाच, जुनी देवं सोडवण्याचा आग्रहही त्यांचाच. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज पाद्री पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून १९३२ साली पलीकडे, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात, करंजियाला आला, सोबत शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती मित्र. धर्मांतर करायला तो तयार नव्हता, नागपूरच्या बिशपशी बिनसलं, आणि काही वर्षांत त्याने चर्चच सोडलं. १९३९ साली त्याने बैगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यालाही देव करू नकोस. १९४० मध्ये कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं आणि १९४९ मध्ये घटस्फोट घेऊन मोकळा झाला. तिच्या वाट्याला पुढे दारिद्र्यच आलं.

आणि एक तिसरा रकाना तू आखलाच नाहीस, आपला. सवर्ण हिंदू बाईला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला तो १९५५ साली. बैगा आणि गोंड बायांकडे तो पिढ्यान्‌पिढ्या होता. हिंदू कोड बिलाविरुद्ध करपात्री महाराज या संन्याशाने दिल्लीत रान उठवलं, आणि ते बिल रखडलं हे १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा देण्यामागचं एक मोठं कारण होतं. बाहेर जाणाऱ्याचं म्हणशील तर आपल्या मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, आणि २०२१ च्या कायद्याने ती साठ दिवस आधी द्यायला सांगितली. दुसऱ्यांच्या घराच्या कड्या मोजायला निघालीस, तर ही कडी कोणी घातली तेही लिही. परीक्षकांना आवडणार नाही कदाचित. न आवडू दे. बक्षीस गेलं तर गेलं, त्या रकमेचं पुस्तक मी घेऊन देतो.

निबंध पुन्हा लिहायला बसशील तेव्हा इंटरनेटवरची मतं बाजूला ठेव आणि शाहबानोचा निकाल मुळातून वाच. ऑल इंडिया रिपोर्टरचा १९८५ चा खंड आहे, आणि तो तर तुमच्या नागपुरातच छापतात.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार. मामी चारोळी पाठवते आहे, गोंदियाच्या गाडीने येणाऱ्या कुणाच्या हाती देईन.

तुझा,
मामा